घराण्याची जुनी चाल

आमच्या घरचा नियम असा: बातम्या संपल्या की रेडिओ बंद करायचा आणि त्यावर विणलेला रुमाल टाकायचा. का, ते विचारायचं नाही. (मी विचारलं होतं. "विचारायचं नाही" हेच उत्तर मिळालं.) तुळजापुरातलं पुजाऱ्याचं घर, रोज यात्रेकरू उतरणार, त्यांच्या कानावर भलतीसलती गाणी पडली तर देवीला काय वाटेल, हे राघवेंद्रकाकांचं म्हणणं.

म्हणून 'सौ. कचेरीत, श्री. चुलीपाशी' ही श्रुतिका मी दर गुरुवारी मैत्रिणीकडे, शामलाकडे ऐकायची. काय श्रुतिका होती! तोवर रेडिओवरच्या बायका नुसत्या हुंदके द्यायच्या. ही बाई साहेबाला चार शब्द सुनावून पगार घरी आणायची, आणि नवरा भाकऱ्या थापता थापता क्लॅरिनेटच्या साथीनं गायचा:

"गेली बाई कचेरीला, माझी भाकरी करपली!"

महिन्याभरात ते गाणं टांगेवाल्यांपासून लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं. आमच्या कॉलेजातल्या सगळ्या भाषणांनी जे जमलं नाही, ते त्या करपलेल्या भाकरीनं हसत हसत केलं.

मीही ते भांडी घासताना गुणगुणायची. आईनं ती चाल नकळत उचलली आणि तिच्यावर देवीची आरती बसवली. आजोबा डोलायला लागले. "ही अस्सल जुनी चाल! माझ्या आजीच्या तोंडची!"

"आपल्या घराण्याचीच," काका म्हणाले, आणि सोलापूरच्या यात्रेकरूंना तसं सांगूही लागले. आरती सुरू झाली की यात्रेकरू तोंडाला उपरणं लावून थरथरायचे. काकांना वाटायचं, भक्ती दाटून आली.

मग एका गुरुवारी काकांनी फर्मान काढलं: दिवेलागणीनंतर शामलाकडं जायचं नाही. आणि नेमके त्याच रात्री श्रुतिकेतले श्री. आपल्या बायकोच्या साहेबापुढं गाणार होते! मी ठरवलं, आज बातम्या संपल्यावर रेडिओ बंद करायचा नाही. एवढंच.

बातम्या संपल्या. क्लॅरिनेट वाजलं. काका ताडकन उठले.

"अप्पा, ऐकलंत? आपली आरती!"

"चोरली!" आजोबा गरजले. "माझ्या आजीची चाल चोरून भाकरीला लावली! प्रेमले, बी.ए. झालीस ना? काढ कागद. लिही दिल्लीला, हा कार्यक्रम ताबडतोब बंद करा म्हणून."

कार्यक्रम बंद! मग माझ्या गुरुवारात उरलं काय? दारातून आई मला डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणत होती.

"मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"मोठ्यांचं ऐकायचं नाही?"

"नाही! चाल आधी रेडिओची, मग आपली. मीच आणली ती घरात. आणि यापुढं दर गुरुवारी रेडिओ इथंच लागेल!"

आजोबा गप्प. काका गप्प. या घरात पहिल्यांदाच माझ्या शब्दाला वजन आलं होतं. आता स्त्रियांच्या हक्कांवर दोन वाक्यं ऐकवावीत म्हणून मी तोंड उघडलं.

"श्श!" रेडिओकडं कान करून आजोबा म्हणाले. "साहेब आला. मघापासून कुणाला काही ऐकू देईना ही पोरगी!"