सरांची रबरी पचनसंस्था

मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी झाल्यापासून विज्ञानाचे सर चालत नव्हते, तरंगत होते. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी चांगला शेरा द्यायचा अवकाश, खुर्ची आपलीच, गणिताच्या बाईंची नव्हे, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. साहेबांसाठी त्यांनी माणसाची पचनसंस्थाच उभी केली होती. तोंड म्हणून नरसाळं, जठर म्हणून शेकायची रबरी पिशवी आणि लहान आतडं म्हणून बागेतली नळी. अन्नातलं सत्त्व आतड्यातूनच रक्तात जातं, म्हणून नळीला सुईनं भोकंही पाडली होती.

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशींनी केळं आणि बिस्किटं कुस्करली आणि त्या गोळ्याकडे बघून नाक मुरडलं.

"सर, हे पुढं सरकायचं नाही. थोडं पाणी घालते."

"मावशी, जेवताना पाणी नसतं घ्यायचं. पाचक रस पातळ होतात."

"अहो, ही रबराची पिशवी. हिला कुठले आलेत रस?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

मावशींनी गोळा तसाच ताटलीत काढला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यात डोकावून घास मोजणाऱ्या या शहाण्यापुढे तोंडाची वाफ कोण दवडणार?

साहेब जेवून आले होते, जांभया देत होते. सरांनी गोळा नरसाळ्यात कोंबला. तो जठरात उतरला आणि तिथंच ठाण मांडून बसला. सरांनी पिशवी दाबली, पिळली. मुलं फिदीफिदी हसायला लागली.

"काहींना जरा वेळ लागतो," सर घाम पुसत म्हणाले.

"मलाही लागतो," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच आस्थेनं आतड्यावर वाकले.

तेवढ्यात सरांनी पिशवीवर गुडघा टेकून सगळा भार टाकला. आतड्याची सगळी भोकं एकदम मोकळी झाली आणि कपाळापासून पट्ट्यापर्यंत सगळं सत्त्व साहेबांना मिळालं.

मावशींनी टॉवेल पुढे केला. साहेबांनी चष्मा पुसला आणि कागद मागितला.

शेरा सरांनी स्टाफरूममध्ये उभं राहून वाचला. "'हा पाठ विद्यार्थी जन्मात विसरणार नाहीत.'" त्यांनी मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं. मावशींना क्षणभर खरंच वाटलं, जगात न्याय म्हणून काही उरला नाही. "'अशा शिक्षकाला प्रयोगशाळेतून उठवणं हा मुलांवर अन्याय होईल. म्हणून मुख्याध्यापकपदासाठी...'"

सरांनी पुढची ओळ दोनदा मनातल्या मनातच वाचली. गणिताच्या बाईंनी त्यांच्या हातातला कागद घेतला आणि पुढचं स्वतःचं नाव मोठ्यानं, स्वच्छ वाचलं.