शिंकेला एक तांब्या

आमच्या तांबट आळीत कुणी शिंकलं, की समोरच्या ओट्यावरून आवाज यायचा, "अमेरिकेत एक तांब्या!"

खोकला असेल तर घंगाळ. पोटदुखीला पाण्याचा बंब. आणि ताप मुदतीचा निघाला तर अख्खं दुकान, वर बायकोच्या पाटल्या. हे दर नाना तांबटांचे. डॉलरचा हिशेब आम्हांला कळायचा नाही, म्हणून त्यांनी तो भांड्यांत बसवून दिला होता. अमेरिकेला जाऊन आलेला दुसरा माणूस नाशकात माझ्या तरी माहितीत नव्हता, तेव्हा खरंखोटं करणार कोण? आळीत दिवसभर हातोड्यांचा असा ठणठणाट, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्यातून नानांना चौथ्या घरातला खोकला नेमका ऐकू यायचा. त्या कानांपुढे मी हात टेकले होते.

नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता यंत्रावर भांडी कशी करतात ते शिकायला तिकडे गेले होते. काही वर्षांनी नाना एकटेच परतले, डोक्यावर एक हॅट घालून. वसंताचं नाव निघालं की ते हॅट काढून झटकायला घेत. त्यानं तिकडे मडम केली असणार आणि आपल्या माणसांना विसरला असणार, असं आळीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी हातोडे थांबले की नानांच्या ओट्यावर बैठक भरे. मी शाळेत मास्तर, पण तिथं मांडी घालून विद्यार्थ्यासारखा बसायचो. नाना सांगत, तिथलं इस्पितळ म्हणजे काळारामाच्या देवळावर दुसरं काळारामाचं देऊळ ठेवा, त्यावर तिसरं, तरी कळस खालीच. रोगी निजल्या निजल्या पाळण्यातून वरच्या मजल्यावर जातो. जित्या माणसाच्या हाडांचा फोटो निघतो. आम्ही आ वासून ऐकत राहायचो. रामकुंडावर रोज बुडी मारणारे आम्ही, पण एवढं मोठं काही देवानंही केलं असेल असं वाटत नसे.

"मग एवढे पैसे तो डॉक्टर एकटा खातो?" कल्हईवाल्या हमीदभाईंनी एकदा विचारलं.

"डॉक्टर महाग नसतो, हमीद," नाना म्हणाले. "त्याच्यामागची रांग महाग असते."

फोटो काढणारा, तो वाचणारा, बिल लिहिणारा, लिहिलेलं तपासणारा आणि तपासणाऱ्यावर नजर ठेवणारा. नाडी एकाची, आणि तिच्या जिवावर जेवायला मांडलेली पानं शंभर. आता म्हणे तिकडच्या लोकांनी नवी युक्ती काढली होती. धडधाकट असतानाच दरमहा थोडं थोडं भरून ठेवायचं आणि आजारी पडलं की खर्च त्यातून. विमाच, पण मेल्यावर मिळणारा नव्हे, जगवणारा. हे सांगताना नानांचा आवाज कापरा झाला. आपल्या आळीत हे झालंच पाहिजे, म्हणाले.

गणपतीच्या देवळात तांब्याची मोठी घागर ठेवली आणि घरटी वर्गणी सुरू झाली. घोटाळा झाला तो पुढं. आमच्या आळीला विमा ठाऊक नव्हता, भिशी ठाऊक होती. भिशीत प्रत्येकाची चिठ्ठी कधी ना कधी निघतेच. म्हणून लोकांनी नानांच्या नकळत घागरीच्याही चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. ज्याची निघेल त्यानं त्या महिन्यात आजारी पडायचं. आमची निघाली तेव्हा आमच्या आत्यांनी वर्षानुवर्षं जपलेले गुडघे पुढे केले. कोपऱ्यावरच्या पैलवानाला शोधून शोधून काही दुखेना, तेव्हा त्यानं चांगला दात उपटून घेतला. आजाराला पाळी नसते, असं नाना ओरडून ओरडून सांगत. लोक मान डोलावत आणि चिठ्ठ्या काढत.

आबा वैद्य पूर्वी आल्याच्या रसात चाटण द्यायचे आणि पैशाऐवजी मेथीची जुडी घ्यायचे. पैसे घागर देते म्हटल्यावर ते सुवर्णभस्माच्या खाली उतरेनात. खरा आजारी कोण, हे बघायला एक तपासनीस नेमला. तो टांग्यातून येऊ लागला, टांग्याचं भाडंही घागरीतूनच. वर्गणी वाढली. नाना कपाळाला हात लावून बसले.

"मी अमेरिका नुसती सांगत होतो, मास्तर," ते मला म्हणाले. "या लोकांनी ती आणली."

अशात एके दिवशी हमीदभाईंचा भाता वाजेना, म्हणून नाना त्यांच्या दुकानात शिरले. मी बरोबर होतो. हमीदभाई विझलेल्या भट्टीशी अंगाचं मुटकुळं करून पडले होते. अंगाची भट्टी झालेली, आणि खोकला बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात फडकं कोंबलेलं. नानांनी ते ओढून काढलं.

"बोलला का नाहीस?"

"माझी चिठ्ठी कुठं निघाली अजून?" हमीदभाई म्हणाले. "दुसऱ्याच्या महिन्यात कसा आजारी पडू, नाना?"

नानांनी टांगा बोलावला आणि हमीदभाईंना मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात नेलं. फुप्फुसाला सूज होती. ताप उतरेपर्यंत नाना व्हरांड्यातून हलले नाहीत. हॅट दुकानातच राहिली होती, तिची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही.

हमीदभाईंनी डोळे उघडून पेज मागितली, तेव्हा त्यांच्या बायकोचा, फातिमाबींचा जीव भांड्यात पडला. नानांना बरं वाटावं म्हणून त्यांनी हसून विचारलं, "नाना, या दुखण्याला अमेरिकेत काय द्यावं लागलं असतं?"

नानांचा हात हॅट काढायला वर गेला, पण डोक्यावर हॅट नव्हती.

"तिथं माझा वसंता गेला, फातिमा," ते म्हणाले. "बिलाला भ्याला. असाच तोंडात फडकं धरून खोकला गिळत राहिला. मी शेजारच्या खाटेवर होतो. मला ऐकू आलं नाही."

मी मान खाली घातली. हातोड्यांच्या ठणठणाटातून खोकला शोधणारे ते कान कुठून आले होते, ते मला तेव्हा कळलं, आणि मला रडू आवरेना.

घागर पुढं मोडली. आबा वैद्य मेथीच्या जुडीवर आले. हमीदभाईंचा भाता वाजू लागला. ओटा मात्र मुका झाला. कुणी कितीही शिंको, तांब्या नाही की घंगाळ नाही. मला ते सोसेना. एका सकाळी शाळेत जाताना मी ओट्यासमोर थांबलो आणि मुद्दाम शिंकलो.

नाना खाली उतरले. माझ्या कपाळावर उलटा हात ठेवून म्हणाले, "ताप नाही ना, मास्तर?"

नाही म्हटलं, तरी त्यांनी हात काढला नाही. शाळेची घंटा झाली. मी तसाच उभा राहिलो.