दोन्ही बाजूंचा डेकिमस

लार्गस गुरुजींच्या वक्तृत्वशाळेत आज बापलोक ऐकायला जमले होते, आणि बोलायची पाळी डेकिमसची होती. खटला नेहमीसारखाच काल्पनिक होता. जहाज बुडून किनाऱ्याला लागलेल्या तरुणाला एका कोळ्याच्या पोरीनं जगवलं, त्यानं तिच्याशीच लग्न केलं, म्हणून बापानं त्याला घराबाहेर काढलं. पण डेकिमसचं दुखणं खरं होतं. शाळेसमोरच्या पावभट्टीवाल्या पान्साची मुलगी सॅल्व्हिया त्याच्या मनात भरली होती, आणि त्याचे वडील, अत्तरवाले ओप्पिअस, तिचं नाव निघालं तरी भडकत.

पहिल्यांदा मुलाची बाजू. डेकिमस नुसता पेटला होता. "बाबा, तिनं मला जगवलं! जिवंत मुलगा सुनेसकट नको, तर मेलेला एकटा चालला असता का?"

ओप्पिअसनी टोग्याच्या पदरात नाक शिंकरलं. "आण रे बाबा, आण त्या सॅल्व्हियाला! थांब, तिच्या बापालाच घेऊन येतो!" आणि ते भर सभेतून धावत सुटले. डेकिमसला आभाळ ठेंगणं झालं.

"छान," गुरुजी म्हणाले. "आता बापाची बाजू."

शाळेचा रिवाजच तो. ज्या तोंडानं बाजू मांडायची, त्याच तोंडानं ती खोडायची.

"गुरुजी, घसा बसलाय."

"बोलायला लागलास की उठेल. चल."

मुद्दाम पडेल बोलायचं त्यानं ठरवलं. दोन वाक्यं तशी बोललाही. पण मागून कुणीतरी जांभई दिली, आणि ती त्याला झोंबली. त्यानं एक टोला हाणला, टाळी पडली, मग गडी कसला आवरतोय! "जो जन्मदात्याचा झाला नाही, तो सासऱ्याचा काय होणार? अशाच्या हाती पोरगी देणाऱ्याची मला कीव येते!"

नेमके तेव्हाच ओप्पिअस पान्साला हाताला धरून दारात उभे होते. पान्साच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

"नाही देत पोरगी," पान्सा म्हणाला.

"अहो, हा खोटा खटला आहे! मघाशी हाच पोरगा बरोबर उलट बोलत होता!"

"म्हणजे हा उलटही बोलतो?" पान्साचे डोळे विस्फारले. "मग तर नाहीच नाही, ओप्पिअसराव."

तो तरातरा निघाला. त्याच्यामागे धावायला हवं, हे डेकिमसला कळत होतं. त्यानं एक पाऊल उचललंही.

"सासऱ्याचं ते वाक्य पुन्हा!" पोरं बाकांवर चढून ओरडली.

डेकिमसनं हात उंचावला आणि ते वाक्य म्हटलं, मघापेक्षा जोरात.