पुण्याच्या पार्टीचा प्लॉट

जमीन-प्लॉटच्या एजंटची परीक्षा पास होऊन रविराजने सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याला तो स्वतःच सापडला. देवळाली प्रवरात काकासाहेबांचा प्लॉट विकायचा होता. रविराजच्या बायकोने, निकिताने, भाड्याच्या खोलीत राहून तो कधीच मनाने घेऊन टाकला होता; ओटा कुठे, तुळस कुठे, सगळं ठरलेलं. त्यात क्लासमध्ये कुणीतरी सांगितलेलं, एजंटाने स्वतःसाठी जागा घेतली तरी विकणाऱ्याकडून दलाली मिळते. हे ऐकल्यावर माणूस गप्प बसतो होय?

पण काकासाहेब वडिलांचे दोस्त; त्यांच्याकडे आपल्याच घराची दलाली मागायची कुठल्या तोंडाने? म्हणून त्याने पुण्याची एक पार्टी उभी केली. काकासाहेबांच्या ओसरीवर बसून, पार्टी केवढी मोठी आणि तिला हाच प्लॉट कसा हवाय, हे त्याने असं रंगवलं की पुढ्यातला चहा गार झाला. काकासाहेब नुसतं "बघू" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, प्लॉट विकायचा नाही. पुण्याचा माणूस या तुकड्यासाठी एवढा जीव टाकतोय, म्हणजे इथे नक्की काहीतरी मोठं येतंय. पार्टीचं मन फिरलंय, असं सांगायला रविराज धावला, तर काकासाहेब गालात हसले. पार्टी भाव पाडायला बघतेय, म्हणजे तर खात्रीच झाली म्हणाले.

शेवटी घरी सांगावंच लागलं. निकिताने गॅस बंद केला, पदर खोचला आणि नवऱ्याला पुढे घालून थेट काकासाहेबांची ओसरी गाठली.

"काका, पुन्याची पार्टी म्हंजी आमीच. ह्यांनी दलालीपायी थापा मारल्या."

रविराज फरशीचे तुकडे न्याहाळू लागला. काकासाहेब पुढे सरकले.

"मंग तितं काईच येत न्हाई?"

"येतं की. पावसाळ्यात गुडघाभर पानी येतं. हंगामात रातभर गानी वाजवत उसाच्या ट्रॉल्या येतात. आमी तरीबी घ्यायला तयार हाय."

काकासाहेबांनी मोठा श्वास सोडला. "लई बरं केलंस पोरी. झोप उडाली हुती माजी. विकला तरी येडा, न्हाई विकला तरी येडा, असं झाल्तं."

तिथल्या तिथे काकासाहेबांनी आधी सांगितलेलाच भाव ठरला, इसार दिला, नारळ फुटला. रविराजचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात काकासाहेब आतून पाकीट घेऊन आले. सौदा झाला की दलाली द्यायची, ही आपली रीत आहे, ती मोडायची नाही म्हणाले. रविराजने मान वर केली, हातही जरासा पुढे केला. काकासाहेबांनी पाकीट निकिताच्या हातावर ठेवलं.

"सौदा हिनं जमवला."

वाटेत रविराजने हळूच विचारलं, निम्मी तरी मिळेल का. निकिता पाकीट पदरात बांधत म्हणाली, "तुमची पुन्याची पार्टी आली, की तिच्याकडनं घ्या."