करीमचाचांची तहानलेली गाडी

आमच्या कळंबचे करीमचाचा चढ आला की मोटार उलटी फिरवायचे आणि मागं मागं वर चढवायचे. समोरच्या बैलगाडीचे बैल बिथरायचे, गाडीवान शिव्या घालायचा. चाचा मान मागं वळवून एवढंच म्हणायचे, "पिऊ दे रे तिला, पिऊ दे!"

'ती' म्हणजे मोटार. गावचे जहागीरदार हैदराबादेला गेले ते परतलेच नाहीत. त्यांची जुनी गाडी ड्रायव्हरकडं, म्हणजे चाचांकडं राहिली. टाकी पुढच्या सीटखाली. नाक वर करून चढायला लागली की टाकी इंजिनाच्या खाली राहायची, पेट्रोल पोचायचंच नाही, म्हणून हा उलटा कारभार. जुनी टाकी गंजली तेव्हा चाचांनी पत्र्याची नवी करवून घेतली, आत आडभिंती घालून. का तर वळणावर पेट्रोल एका अंगाला पळू नये. ओतायचं तेही मलमलीच्या फडक्यातून गाळून. एवढं करूनही दर मैलाला गाडी थांबायची. चाचा सीट उचलून टाकीवर टिचकी मारायचे, कान लावायचे. "पितीय ना गं?" वऱ्हाड खोळंबो नाहीतर मुहूर्त टळो, त्यांना काही नाही. माझ्यासारख्या उतावळ्याचं तर डोकंच फिरायचं.

आणि नेमकी पाळी माझ्यावरच आली. बाळंतपणाला आलेली माझी बहीण शांता सकाळपासून कळा देत होती. दुपारी सुईणीनं हात टेकले. "पोर आडवं हाय. उस्मानाबादला न्या, आत्ताच्या आत्ता!" एसटी निघून गेलेली. उरले चाचा.

शांता आणि आई मागं, मी पुढं. पहिल्याच मैलाला गाडी थांबली. टिचकी, कान, "पितीय ना?" मागं शांता कण्हतेय आणि यांचं हे! "अहो चाचा, चला की, हात जोडतो!" तरी ओढ्याजवळ ते पुन्हा उतरले. सीट उघडी टाकून इंजिनासाठी पाणी आणायला गेले, मीही पाठोपाठ बादली घेऊन पळालो.

मग बालाघाटाचा चढ आला. चाचांनी गाडी उलटी लावली. निम्म्यात आलो नाही तोच इंजिन खोकलं, आचके दिले आणि गप्प झालं. शांता किंचाळली. चाचा पांढरेफटक. "भरलेली हाय रे... या अल्ला, टाकी भरलेली हाय..." त्यांनी सीट उचलली.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. चाचांचं बोट तिथं थांबलं. भोकात भाकरीचा मळलेला गोळा घट्ट बसवलेला!

"म्या लावला," आई रडकुंडीला आली. "वासानं लेकीला उमासे येत हुते. झाकण फुटलंय वाटलं, बुजवलं."

आता चाचा आईला काय बोलतात म्हणून मी जीव मुठीत धरला. त्यांनी काडीनं गोळा उकरला. टाकीनं सुस्स करून हवा ओढली. "बाई, वारा आत गेला तरच पेट्रोल खाली उतरतंय," एवढंच बोलले आणि हँडल मारायला धावले. गाडी सुरू झाली. त्यानंतर मात्र चाचा कुठंही थांबले नाहीत.

शांता सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी धावत बाहेर आलो. चाचा दवाखान्याच्या दाराशी उभेच होते. बाक रिकामं होतं, तरी.

"मुलगी झाली, चाचा!"

"पोरगी दूध पितीय ना?"

मला हसूच फुटलं. "चाचा, तुम्ही पण ना! आता माणसांनाही हेच?"

ते हसले नाहीत. "माझी न्हाय प्याली रे. त्याच चढावर गाडी बंद पडली हुती. टाकी भरलेली, नळीत गंज. पोरगी गाडीतच झाली अन् तिची आई तिथंच गेली. दुधासाठी लई रडली लेकरू. रानात पाजणार कोण? मंग रडायची पण थांबली."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो. मी तसाच आत गेलो, आईला घेऊन आलो.

"पितीय की, चाचा," आई म्हणाली. "सोडीना झालीय."

चाचा तेव्हा कुठं बाकावर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे पुसले. आई आत जायला वळली तर घाईनं म्हणाले, "बाई, जरा येळानं पुन्हा बघा हां... पितीय का."