औषधांच्या कपाटाची किल्ली

शाळेतल्या औषधांच्या कपाटाची किल्ली बावीस वर्षं हेडक्लार्कच्या कमरेला होती. यंदा नर्सबाई आल्या आणि ती त्यांच्या गळ्यात गेली. तेव्हापासून हेडक्लार्कच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कपाटात औषध नव्हतं.

त्यात पोरं बाईंवर लट्टू. दम्याचा पंप घ्यायला येणारी तिसरीतली मुलगी पूर्वी "काका, पंप!" म्हणून त्यांच्यापुढे उभी राहायची. आता ती त्यांच्या टेबलाला वळसा घालून सरळ आत जायची. हेडक्लार्क जळत होते, आणि आपण जळतोय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. किल्ली परत हवी तर बाईंची एक चूक सापडायला हवी होती.

नियमावली त्यांनीच लिहिलेली. आवारात कोणाचंही औषध आलं तर ते कपाटात ठेवायचं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरच्यांच्या सहीचा फॉर्म, आणि किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यासमोर गोळी गिळायची. 'कोणाचंही' या शब्दाखाली त्यांनी स्वतः दोन रेघा ओढल्या होत्या.

सोमवारी त्यांनी तपासणी काढली आणि मागच्या कोपऱ्यात घबाड सापडलं. डबी हातात नाचवत ते मुख्याध्यापिकांना बोलावून घेऊन आले.

"बघा मॅडम! गोळ्या आहेत, फॉर्म नाही. आणि नावाच्या जागी काय, तर 'ह्यांच्या'! ह्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

नर्सबाई चुळबुळल्या. "मॅडम, नंतर सांगते."

"नंतर नाही! आत्ता, सगळ्यांसमोर!"

"सकाळी एक ताई देऊन गेल्या. म्हणाल्या, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, घरी आठवण करून देऊन देऊन थकले, आता तुम्हीच द्या." बाईंनी आवाज खाली आणला. "फॉर्म घेऊन मी तुमच्याकडेच येणार होते, साहेब."

हेडक्लार्कनी डबीकडे पुन्हा पाहिलं. घरातल्या साखरेच्या डब्यापासून चहाच्या डब्यापर्यंत हेच अक्षर होतं.

मुख्याध्यापिकांनी शांतपणे नियमावली उघडली आणि दोन रेघांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या घंटेला हेडक्लार्क रांगेत उभे राहिले. फॉर्मवर 'पालकांची सही' म्हणून बायकोची सही होती.

"काका, माझ्या मागे," पंपवाली मुलगी म्हणाली.

तिचं झालं. मग यांनी गोळी गिळली, पाणी प्यायलं, वहीत सही केली. तरी जागचे हलेनात.

"अजून काही, साहेब?" नर्सबाईंनी विचारलं.

"तिला शाब्बास म्हणालात," हेडक्लार्क म्हणाले. "मला नाही म्हणालात."