सर्वरला पाहुणे झेपत न्हाईत

हबीबभाई सर्वरला कान लावून बघायचे. रोज सकाळी पावणेआठला, डोक्यावरची टोपी काढून, डोळे मिटून, उजवा कान त्या काळ्या डब्याच्या पाठीला टेकवायचे. अर्ध्या मिनिटानं निकाल. "आज खूश हाय." किंवा, "आज गळा बसलाय, जपून." गळा बसलेल्या दिवशी कुणी मोठी फाइल उघडायची नाही, असा हुकूम. नवे शिक्षक हसायचे. दुपारी मशीन बंद पडलं की हसायचे थांबायचे.

सवय घड्याळांची. गोलाईच्या बाजाराजवळ त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे सेलवरची स्वस्त घड्याळं आली, दुकान बसलं, आणि हे कॉम्प्युटरकडे वळले. मी लातूरच्या ज्या क्लासमध्ये ऑफिस सांभाळायचो, तिथे ते 'सिस्टीमवाले' होते. त्या काळात लातुरात दोन गोष्टी जोरात भरडल्या जायच्या, डाळ आणि बारावीची पोरं. आमच्याच गल्लीत सात क्लास होते, आणि प्रत्येकाच्या फलकावर महाराष्ट्रात पहिला आलेला मुलगा होता. तीन फलकांवर तर एकच मुलगा होता.

अशा गल्लीत सर्वर म्हणजे क्लासचा जीव. चाचण्यांचे पेपर, उत्तरं, निकाल, सगळं त्या एका डब्यात. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, डबा उघडून खायचं नाही, मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही. "मामला नाजूक हाय," असं हबीबभाई सांगायचे. हे वाक्य ते कशालाही लावायचे. लाइट गेली, मामला नाजूक. चहात साखर कमी, मामला नाजूक.

त्यांचा खरा शोध म्हणजे 'चाखण्या'. दाराबाहेर एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता. कुणाचाही पेन ड्राइव्ह आधी त्यात लावायचा, तिथे अँटीव्हायरसनं तपासायचा, मगच आतल्या मशीनला. "निजामाच्या जेवणाला बी आधी एक माणूस तोंड लावायचा," ते म्हणायचे. "तो जित्ता राहिला, मग निजाम जेवायचे."

एकदा फिजिक्सच्या पाटील सरांचा पेन ड्राइव्ह चाखण्यानं भर ऑफिसात उघडला. त्यात चौदा व्हायरस, प्रकाशाच्या अपवर्तनावरचं एक टिपण आणि दोनशे लावण्या निघाल्या. हबीबभाई गंभीरपणे म्हणाले, "सर, व्हायरस काढले. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." त्या दिवसापासून पाटील सरांचं आणि त्यांचं बिनसलं.

आणि मग समोरच्या एका क्लासचा सर्वर व्हायरसनं पार झोपला. ऐन चाचण्यांच्या आठवड्यात त्यांची सगळी प्रश्नपेढी गेली. आमच्या क्लासमध्ये आधी पेढे वाटायचं घाटत होतं. तासाभरानं लोकांना भीती वाटायला लागली. संचालकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, तातडीची बैठक बोलावली. विषय एकच: सर्वरवर अँटीव्हायरस टाकावा की टाकू नये.

मोठे सर जुने मराठीचे शिक्षक. रजेच्या अर्जातसुद्धा लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत द्यायचे. बैठकीत प्रत्येकानं आपापला विषय शिकवला. बायोलॉजीच्या मॅडमनी लसीकरण समजावलं. गणिताच्या सरांनी व्हायरस येण्याची संभाव्यता फळ्यावर मांडली, उत्तर एकापेक्षा जास्त आलं, म्हणून पुसून पुन्हा मांडली. पाटील सर म्हणाले, "चाखण्याला अँटीव्हायरस आणि मालकाला नाही, हा कुठला न्याय?"

नांदेडहून अँटीव्हायरसचे एक विक्रेतेही आले होते. उन्हाळ्याच्या भर दुपारी टाय बांधून त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. एका चित्रात सर्वर म्हणजे दार नसलेलं घर होतं. "सर, तुमचा सर्वर आत्ता असा उघडा आहे," ते म्हणाले. मोठ्या सरांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"हबीबभाई, तुमचं मत?"

"मशीन म्हातारं हाय, सर. म्हाताऱ्याला पाहुणे झेपत न्हाईत. हा पाहुणा दिवसभर घरात फिरणार, एकेक पेटी उघडून बघणार, आणि जे ओळखीचं न्हाई ते उचलून बाहेर टाकणार. बाहेर चाखण्या बसलाय ना पहाऱ्याला."

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण समोरच्या क्लासवर आलेली वेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. हात वर झाले. टाकायचा, असं ठरलं.

त्यानंतर हबीबभाईंनी टाळाटाळीचा जो नमुना दाखवला, तो सरकारी कचेऱ्यांनी शिकून घ्यावा असा होता. पहिल्या आठवड्यात सीडीवर ओरखडा निघाला. दुसऱ्यात व्होल्टेज कमी. तिसऱ्यात 'मशीनचं मन न्हाई'. शेवटी मोठ्या सरांनीच सोमवार नक्की केला आणि नांदेडहून इंजिनिअर बोलावली.

ती स्वाती वाघमारे. मूळची मुदखेडची, पंचविशीची, बोलायला नेमकी. दाराशी आपणहून चपला काढल्या, तेव्हाच हबीबभाईंचा निम्मा विरोध मावळला. ती म्हणाली, "चाचा, आधी फक्त तपासते. पुसत काही नाही." दोन तास मशीन घरघरत राहिलं. मग पडद्यावर एकच लाल ओळ उरली. 'खोज' नावाचा एक छोटासा प्रोग्राम.

"हा धोकादायक म्हणून दाखवतोय," स्वाती म्हणाली. "फार जुना आहे, कुणाच्या ओळखीचा नाही, आणि आपल्याशीच काहीतरी लिहीत बसतो. म्हणून संशय."

हे वर्णन हबीबभाईंचंच झालं, असं मी म्हणणार होतो. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी तिच्या माउसवर हात ठेवला होता.

"त्याला हात नका लावू, बेटा."

"तुमचा आहे?"

"माझ्याकडं हाय."

स्वातीनं वाद घातला नाही. असा एखादा प्रोग्राम तपासणीतून वगळता येतो, असं तिनं सांगितलं. फक्त एक अर्ज भरायचा. प्रोग्रामचं नाव, कुणाचा, कशासाठी, वगळण्याचं कारण, आणि खाली संचालकांची सही.

हबीबभाईंनी अर्ज घडी करून खिशात घातला. मंगळवार गेला, बुधवार गेला. अर्ज खिशातच.

इकडे स्टाफरूममध्ये 'खोज' वाढायला लागला. पाटील सरांनी तर शोधच लावला. "पेपर बाहेर जातायत. चाचणीच्या आधीच ते शेजारच्या क्लासला पोचतात, ते याच वाटेनं. सांगून ठेवतो." कुणी पुरावा मागितला नाही. दहा वर्षं ज्यांना आपण हबीबभाई म्हणतो, ते चहाला आले की बोलणी बंद व्हायला लागली. गुरुवारी मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "दुपारी चारपर्यंत कारण लिहून आलं नाही, तर तो प्रोग्राम पुसायचा. आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणायचं. पालकांच्या कानावर गेलं तर क्लास उरणार नाही."

मी सर्वरच्या खोलीत गेलो. हबीबभाई अर्ज मांडीवर पसरून बसले होते. तीन रकाने भरलेले, 'कारण' कोरं.

"भाई, असं काय आहे त्यात? मला तरी दाखवा."

त्यांनी 'खोज' उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. इंग्रजी लिपीत मराठी: नाव टाका. त्यांनी एका गावाचं नाव टाकलं आणि ओळींमागून ओळी वर सरकायला लागल्या. कुटुंबप्रमुख, गाव, शेड नंबर, राहिलेली माणसं. आणि शेवटी एक रकाना, शेरा.

भूकंपानंतर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली, तेव्हाची ती यादी होती. हबीबभाईंचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. सरकारी कचेरीला रोजंदारीवर नावं टाइप करायला माणूस हवा होता. तंबूत एक टेबल, एक कॉम्प्युटर, बाहेर जनरेटर आणि समोर रांग.

"साहेब म्हणले, शेऱ्यात घर पूर्ण पडलं का अर्धं, तेवढं टाका. मी बी तेच इचारत होतो. पण माणूस समोर बसला की तेवढंच थोडंच सांगतो? मी घर इचारलं की ते घरातल्या माणसाचं सांगायचे. मग मी तेच टाकलं. चाळीस अक्षरं मावायची."

मी वाचायला लागलो. 'बैल दावं तोडून पळाला, त्याला धरायला गेलो म्हणून वाचलो.' 'सून सात महिन्यांची होती.' 'आईला दिसत नव्हतं, पण आवाजावरून सगळ्यांना ओळखायची.' 'काही सांगायचं नाही म्हणतात.' चाळीस अक्षरांत न मावलेलं पुढच्या ओळीत, त्याच नावाखाली पुन्हा टाइप केलेलं. 'घर पूर्ण पडलं' असा शेरा शोधूनही दिसत नव्हता.

"साहेबांनी पाहिलं तेव्हा लई भडकले. म्हणले, ही यादी हाय का रडगाणं? दुसऱ्या माणसाकडून नवी करून घेतली. मी ही फ्लॉप्यांवर घरी आणली. शोधायला सोपं जावं म्हणून हा प्रोग्राम बी मीच लिहिला, पुस्तक वाचून. चाखण्यात ठेवला होता आधी. अँटीव्हायरसनं खाल्ला. नशीब, फ्लॉप्या होत्या."

"तुमचं कोण होतं त्यात, भाई?"

"माझं? कुणीच न्हाई. आमच्या घराच्या भिंतीला चीर बी न्हाई गेली. अम्मी होती तेव्हा, ती नंतर आजारानं गेली. आता घरात मी एकटाच हाय." त्यांनी चष्मा पुसला. "लोकांनी एवढं मला सांगितलं, भाऊ. मी वळखीचा ना पाळखीचा. आता ते पुसून टाकू का? आणि ह्या रकान्यात काय लिहू?"

"आत्ता बोललात तेच लिहा."

"तुम्ही लिहा. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं."

मी लिहिलं: 'लोकांनी विश्वासानं सांगितलेलं यात आहे. दुसरीकडे कुठेही नाही.'

मोठ्या सरांनी अर्ज वाचला आणि उठून सर्वरच्या खोलीकडे आले. दाराशी बूट काढले, एरवी ते काढत नसत. पाऊण तास त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते. चार वाजून गेले. मग सही केली. 'विश्वासानं' लिहिताना मी 'वि'ची वेलांटी चक्क दीर्घ काढली होती, हे मला नंतर दिसलं. सरांनी तशीच राहू दिली. स्टाफरूमच्या दारात थांबून ते एवढंच म्हणाले, "पाटील, पेपर त्यात नाहीत." पाटील सर दुसऱ्या दिवशी स्वतः चहा घेऊन हबीबभाईंकडे गेले. काय बोलले माहीत नाही. बराच वेळ आत होते.

अँटीव्हायरस बसला. सर्वर खरोखरच हळू झाला आणि हबीबभाईंना आयुष्यभर पुरेल इतकी तक्रार मिळाली. पण त्या पावसाळ्यात पाहुण्यानं दोन व्हायरस पकडले, चाखण्याच्या हातून निसटलेले. "दोन म्हणजे काय लई न्हाईत," हबीबभाई म्हणाले, आणि त्या दिवशी विषय बदलला.

त्याच जूनमध्ये एक मुलगी अकरावीच्या प्रवेशाला आली, चुलत्याबरोबर. पुनर्वसनातल्या एका गावची. मी अर्ज भरून घेत होतो. आईचं नाव सांगून झालं आणि ती थांबली. मग विचारलं, "इथं एक भाई हायत का, मशीनवाले? आमच्या गावात सांगतात, आबांनी, म्हंजी माझ्या वडलांनी, त्यांच्याकडं काय तरी लिहून ठेवलंय म्हणून. आबा गेल्या साली गेले. आईचं कधीच बोलले न्हाईत. भूकंपात ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते."

मी तिला आत घेऊन गेलो. हबीबभाईंनी गाव विचारलं, नाव विचारलं, टाइप केलं. ओळ आली. अक्षरं इंग्रजी, शब्द तुटके. त्यांनी विचारलं, "वाचून दाखवू, बेटा?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचला. "बायको भाकरी थापताना गाणं म्हणायची. आवाज चांगला नव्हता. आम्ही हसायचो, तरी म्हणायची."

चुलत्यानं तोंड फिरवलं. बाहेर प्रवेशाची रांग दारापर्यंत आली होती, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी हललो नाही. मुलगी पडद्याकडे बघत उभी होती.

"पुन्हा एकदा वाचा की," ती म्हणाली.

हबीबभाईंनी शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.